घास उतरत नाही

४ नोव्हेंबर १९९७, मंगळवार

आले एकदाची जालन्याला. सकाळच्या एसटीत खिडकी मिळाली. अण्णा शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. राजूर मागे पडलं. मग अण्णा म्हणाले, डॉक्टर मुंबईला शिकून आलेत, तुझं दुखणं त्यांना बराबर कळंल. मला इतकं बरं वाटलं की स्टँडवर उतरल्यावर मी हट्टाने पेरू घ्यायला लावला. खाता येणार नाही हे माहीत होतं. रिक्षात नुसता वास घेत बसले.

दवाखान्याची जागा छान आहे. एमआयडीसीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत, पिवळा बंगला. पुढे दोन मोठे कडुनिंब, मागे मेथी-पालकाचे वाफे. लांब लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी दिसतात, आवाज मात्र इथवर येत नाही. पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी. आमच्या खोलीत दोनच खाटा, त्यातली खिडकीजवळची माझी.

इथलं सगळं उषाबाई बघतात. कपाळभर कुंकू, आवाज मऊ, हात मात्र खुरपं धरणाऱ्या बाईसारखे. त्यांनी माझी पिशवी आत नेली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, किती वाळली गं माय. दुसऱ्या खाटेवर द्वारकाबाई. साठी उलटलेली असेल. नवरा गेल्यापासून कुणाशी बोलत नाहीत म्हणून मुलांनी इथे आणून ठेवलंय. मी नमस्कार केला, तर त्यांनी पेरूकडे पाहिलं. मी तो त्यांना दिला. त्यांनी तो बियांसकट, आवाज करत, सगळा खाल्ला. बघतच राहिले. दुसऱ्याला खाताना बघायला मला हल्ली फार आवडतं.

रोजनिशीची सवय डी.एड.ला लागली ती सुटली नाही. आज दुखणंच लिहून ठेवते. शाळेवर रुजू झाले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात भाकरीचा घास पहिल्यांदा छातीत अडकला. पाण्याने गेला. मग रोज अडकायला लागला. आधी भाकर, मग भात, आता कधी कधी दूधसुद्धा. छातीच्या हाडामागे, अगदी खालच्या टोकाला येऊन थांबतं. उठून उभी राहिले, हात वर केले, श्वास रोखून वरून गरम पाणी लोटलं, की एकदम सुटतं आणि खाली जातं. नाही सुटलं तर वर येतं. जसंच्या तसं येतं. आंबट नाही, कडू नाही, भात तो भातच. भोकरदनच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आत्याने बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. साखरपुड्याच्या पंगतीतून उठून मागच्या दारी गेले ते पाहुण्यांनी पाहिलं आणि ते स्थळ तिथेच मोडलं. लुगड्याला आईला जेवढ्या निऱ्या लागत नाहीत तेवढ्या मला पाचवारीला घालाव्या लागतात.

पण आता इथे आले आहे. अण्णा जाताना हसत गेले.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरसाहेबांनी आज माझं म्हणणं नीट बसून ऐकून घेतलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी ऐकलं असेल. तरुण आहेत, बोलणं सौम्य. मी बोलत होते आणि ते लिहून घेत होते.

एकटी जेवतेस का, विचारलं. हो म्हटलं, चारचौघांतून उठावं लागतं त्याची लाज वाटते. घास फार बारीक करतेस का? हो. जेवायला फार वेळ लागतो का? हो. मध्ये मध्ये पाणी? हो, त्याशिवाय जात नाही. मध्येच उभी राहतेस? हो. उलटीला लपून जातेस? हो. माझ्या प्रत्येक होकाराला त्यांचे डोळे उजळत होते. मला वाटलं, सापडली खूण. मी आणखी आणखी सांगत गेले.

मग त्यांनी जाडजूड पुस्तक उघडलं आणि दुखण्याचं इंग्रजी नाव सांगितलं. म्हणे मोठ्या शहरातल्या मुलींना होतं. जाड होऊ या भीतीने खाणं टाकतात, खाल्लं तर ओकून काढतात आणि घरच्यांपासून लपवतात. मनाचा आजार आहे, घाबरायचं कारण नाही, बरा होतो. आपल्या भागात हा रोग कुणी ओळखला नव्हता, असं म्हणताना त्यांना आनंद झालेला लपत नव्हता.

मी म्हटलं, साहेब, मला जाड व्हायची भीती नाही. मला भूक लागते. खूप लागते. ते म्हणाले, असं सगळ्याच म्हणतात, नाही म्हणणं हेच पहिलं लक्षण आहे. मी विचारलं, आणि हो म्हटलं तर? तर सुधारणा सुरू झाली असं समजायचं, म्हणाले. मला हसूच आलं. तेही हसले.

माणूस वाईट नाही. चार दिवस बघतील तर कळेल त्यांनाही. संध्याकाळी पातळ खिचडी गरम पाण्यावर, उभी राहून, बऱ्यापैकी गेली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मला माणसाएवढ्या आरशासमोर उभं केलं. आमच्या घरी आरसा तळहाताएवढा, खुंटीला टांगलेला. त्यात एका वेळी एक तर कुंकू दिसतं नाही तर भांग. स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत मी आजच बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, उपाशी बाई. ते म्हणाले, जाड दिसत नाही? मी म्हटलं, साहेब, तुम्हाला दिसते का?

त्यांनी कागद दिला आणि स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. काड्यांची काढली, आहे तशी. ते कागद बघून म्हणाले, तू हुशार आहेस, लपवायचं कसं ते तुला चांगलं येतं.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. पोरगं खोटं बोलतंय की खरं, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. यांना माझ्या मानेची हाडं दिसतात, बाकी काही दिसत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून नियम. जेवण उषाबाईंसमोर. जेवताना पाणी बंद, कारण मी पाण्याने पोट भरते. उभं राहणं बंद, ती उलटीची तयारी. घास माझ्या हाताने नाही, त्यांच्या हाताने, कारण मी चिमणीचा घास घेते. न्हाणीचं दार उघडं ठेवायचं.

दीड वर्ष मी एकटीने चाचपडत एकेक वाट शोधली होती. गरम पाणी. हात वर करणं. बारीक घास. थांबणं. ती प्रत्येक वाट त्यांनी लिहून घेतली होती आणि आज एकेक करून बंद केली. मीच सांगितल्या होत्या.

उषाबाईंनी वरणात कुस्करलेली भाकर भरवली. माया करून भरवतात, लेकराला बोलावं तसं बोलतात. पाच-सहा घास खाली जाऊन एकावर एक बसले. छातीतून कळ निघाली ती जबड्यापर्यंत गेली. मी पाणी मागितलं. न्हाई माय, साहेब रागावतील. मी उठायला लागले तर त्यांनी खांदा दाबला. मग सगळं ताटात परत आलं. भाकर, वरण, जसंच्या तसं. मी त्यांना म्हटलं, वास घेऊन बघा, पोटात गेलेलं अन्न असं येतं का? त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं आणि दुसरं ताट आणलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मी ओकते म्हणून आता जेवण झालं की आडवं पाडतात. उशी काढून घेतात. मनगटांवर आणि गुडघ्यांवर चादर गुंडाळून खाटेला बांधतात. अन्न अंगी लागेपर्यंत असंच पडायचं. उषाबाई उशाशी बसून माझ्या केसांना तेल लावतात आणि त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाचं सांगतात.



उभी असते तेव्हा अन्न आपल्या जड अंगाने खाली तरी बसतं. आडवं पडलं की ते वाहतं. मी पडले होते आणि मला कळत होतं ते वर येताना. हळूहळू, एखादं जनावर बिळातून येतं तसं. गळ्यापाशी आलं. मान वळवता येईना. भात नाकात गेला. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर श्वासाऐवजी तेच आत गेलं. मी खाट हादरवली. उषाबाई म्हणाल्या, साहेबांनी सांगितलंय, ती सोंग करील, सोडायचं न्हाई. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सोडलं नाही.

खोकून खोकून सुटले. कशी सुटले, माहीत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना मी उभं राहून सांगितलं, तुम्ही मला बुडवून मारताय. ते लिहीत होते. वर न बघता म्हणाले, राग येणं चांगलं लक्षण आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उठले तर चादर ओली आणि तोंडाजवळ कालच्या वरणातली डाळ. झोपेत येतं ते. खोकला थांबत नाही.

मी तोंड धुऊन आले तेव्हा द्वारकाबाई माझ्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी मला पाठमोरं वळवलं, पाठीला कान लावला आणि बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला, भांड्याच्या तळाला घासल्यासारखा. म्हणाल्या, "झोपली की तुझ्या छातीत घागर बुडल्यावानी वाजतं. म्या रोज ऐकून राह्यली. हे पोरीचं सोंग न्हाई."

मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांगा ना. त्या म्हणाल्या, "म्या येडी हाय ना बाई. मला कोन इचारतं."

तरी मला आज अंगात बळ आलं. एकीने तरी ऐकलं. कानाने ऐकलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

अण्णा आले होते. आईने बाजरीची भाकर आणि तिळाची चटणी दिली होती. डॉक्टरांनी त्यांना आधी आत बोलावून बराच वेळ समजावलं. बाहेर आले तेव्हा अण्णांचा चेहरा वेगळा होता. कुणीतरी त्यांना दुसरीच मुलगी दाखवली असावी.

मी सगळं सांगितलं. बांधतात ते सांगितलं. अण्णा जमिनीकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडाशी धरला. "माझ्या हातचा तरी खाय बाई. एकडाव खाय. मंग म्या तुला आत्ता घरी नेतो."

मला माहीत होतं काय होणार. तरी घेतला. अण्णांचा हात होता म्हणून घेतला. चावून चावून पीठ केलं. गिळला. दुसरा दिला, तोही. तिसरा. अण्णा हसायला लागले होते. मी श्वास रोखून धरला, मनातल्या मनात त्या घासांच्या पाया पडले. चौथ्याला सगळं आलं, त्यांच्या धोतरावर.

अण्णांनी मला मारलं. लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं. मग स्वतःच खाली बसले आणि म्हणाले, "कामून छळून राह्यली आम्हाला? काय केलं म्या तुझं?"

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णा मागे न बघता गेले. भाकर राहिली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर एकच विचार. सगळे म्हणतात तसं असलं तर? माझ्या आत, खाली, कुणी दार लावून बसलं असेल आणि ती मीच असले तर? घास आला की ती आतून कडी घालते. मला कळू न देता. तिला मरायचं असेल आणि मला जगायचं असेल तर कोणाचं चालेल?

मी तिला हाक मारली. खरंच मारली, तोंडाने. द्वारकाबाई घाबरून उठून बसल्या.

आरशासमोर पुन्हा उभी राहिले. आज बघवेना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाही. मी नाही.

दुपारी उषाबाई वाफ्याकडे गेल्या तेव्हा माठातलं पाणी प्याले. नुसतं पाणी. तहान लागली होती, जीव वखवखला होता, पाण्यासाठी माझं सगळं अंग हो म्हणत होतं. पाणीसुद्धा तिथे जाऊन थांबलं. गार, जड, हाडामागे. मग परत आलं, नाकातून, स्वच्छ.

पाण्याने कोणी जाड होतं का? पाण्याला भिणारी मुलगी त्या पुस्तकात आहे का?

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. म्हटलं, तुमच्यासमोर पिते, कान लावून ऐका. ते म्हणाले, ठरवून करायचं म्हटलं तर माणूस पाणीही ओकू शकतं. कान लावला नाही.

ठीक आहे. त्यांना पटलं नाही तरी मला पटलंय. आता मला माझ्यापासून कोणी तोडू शकत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ताप. थुंकी पिवळी, वास मारते. पाठीत उजवीकडे टोचतं. जिना चढले तर धाप लागते.

तरी आज तोंड उघडलं नाही. उषाबाईंनी नाक दाबलं. मी दात मिटून त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. पहिल्यांदा मी खरंच खायला नकार दिला. त्यांना वाटतं रोजच देत होते.

मी भुकेली आहे. पण बुडून मरणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नळी. नाकातून पोटात घालायची आणि दूध सोडायचं. उषाबाईंनी आणि आणखी एका बाईने डोकं धरलं. डॉक्टर स्वतः घालत होते.

गेली. गेली. आणि थांबली. तिथेच. जिथे घास थांबतो तिथेच.

डॉक्टर म्हणाले, आवळू नकोस. पुन्हा ढकलली. ती आत वाकली, मला कळलं वाकलेली. नळी नाकात तशीच होती, तरी मी म्हटलं, "साहेब, नळीला कसली भीती? तिला बी जाड व्हायचं न्हाई का?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी नळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या एका क्षणात त्यांना दिसलं, मी शपथेवर सांगते, दिसलं. आणि त्यांनी ते बाजूला सारलं. पुन्हा ढकलली. रक्त आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अण्णा आले नाहीत. डॉक्टरांनीच निरोप धाडला म्हणे, येऊ नका.

उद्या दुपारी झोपेचं इंजेक्शन देऊन नळी घालणार. झोपले म्हणजे आवळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

झोपले म्हणजे खोकणारही नाही मी. आडवी. बांधलेली. वरून दूध. उद्या —

द्वारकाबाईंना सांगितलं. त्यांनी खाटेखालून माझी चप्पल ओढून पुढे सारली. मग म्हणाल्या, पायात चप्पल घालून ठेव.

२४ नोव्हेंबर, सोमवार. मस्तगड, मावशीकडे

बाहेर आहे.

सकाळी दूधवाल्याला फाटक उघडलं तेव्हा द्वारकाबाई स्वयंपाकघरात जाऊन ओरडल्या. साप. साप. ज्या बाईने या घरात माझ्याशिवाय कुणासमोर शब्द काढला नव्हता, तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. साप निघाल्याचं कमी आणि द्वारकाबाई बोलल्याचंच नवल जास्त. वॉचमन काठी घेऊन आत. उषाबाई आत. डॉक्टर आत. मी बाहेर.

पळता येत नव्हतं. झाडाला धरत, उभी राहत. मागे त्या अजून ओरडत होत्या, कोठीत गेला, चुलीमागं गेला. बियाण्याची पोती भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पुढे बसवून मस्तगडला सोडलं.

नंदामावशीने दार उघडलं आणि मला ओळखलंच नाही. मग म्हणाली, अण्णांनी सांगितलंय तू अन्न टाकलंस, तुला परत पोचवते. मी म्हटलं, पोचव, पण आधी एक तांब्या पाणी दे आणि माझ्यासमोर बस.

प्याले. ती बघत होती. परत आलं. तिने ओंजळीत धरलं ते पाणी. हुंगलं. बोट बुडवून जिभेला लावलं, माझी मावशी ती. म्हणाली, "अगं, हे तर पोटात गेलंच न्हाई."

तीन शब्द ऐकायला दीड वर्ष गेलं. पोटात गेलंच न्हाई.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. दवाखाना

मावशीने इथे आणलं. ताप चढलेला. डाव्या कुशीला कलून, उशांना टेकून बसवलंय. कुणी बांधलं नाही. हात मोकळे आहेत, सारखे बघते.

इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी फक्त एवढं विचारलं, येतं ते आंबट येतं का? मी म्हटलं, नाही. ते लगेच उठले.

पांढरं औषध प्यायला दिलं, खडू कालवल्यासारखं. एक्स-रेच्या मशीनपुढे उभी राहून प्याले. अंधार, एक पडदा. मला दिसत नव्हतं. मावशीला दिसत होतं. ती रडायला लागली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फिल्म माझ्या हातात आहे. अन्ननळी पोत्यासारखी फुगली आहे, पांढऱ्याने भरलेली. आणि खाली, पोटाच्या तोंडाशी, एकदम निमुळती, उंदराच्या शेपटीसारखी. तिथला स्नायू सैल पडतच नाही. आपण खायचं म्हटलं काय, नाही म्हटलं काय, त्याला काही नाही. ऑपरेशन होतं. औरंगाबादला. आधी फुप्फुसातलं उतरायला हवं. उजवीकडचं पुष्कळ भरलंय. किती उतरेल ते सांगत नाहीत —

आत कुणी बसलेलं नव्हतं. एक आवळलेली गाठ होती स्नायूची. बस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अण्णा आले. मावशीने त्यांना खिडकीशी नेलं आणि फिल्म उजेडात धरली. डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. अण्णा त्या शेपटीकडे बघतच राहिले. विचारलं, "मंग म्या चारली ती भाकर —" डॉक्टर म्हणाले, इथेच होती, वर.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझे पाय धरून बसले. मी म्हटलं, सोडा. सोडत नव्हते.

धाप. जास्त लिहवत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जीप आली. बंगल्याचे डॉक्टर, उषाबाई, आणखी एक माणूस. खाली बोलताहेत, वर ऐकू येतं. पेशंट आमची आहे, बापाची सही आहे आमच्याकडे. गळा तिने आवळून आवळून असा झाला म्हणे —

येऊ द्या. मी बसलेली आहे. आडवी होणार नाही. कुणी पाडलं तरी —

अण्णा उठले. पटका बांधला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू लिही बाई. म्या हाय." फिल्म मागितली. दिली.

खिडकीतून दिसतात. अण्णा पायरीवरच त्यांना आडवे आलेत. फिल्म उन्हाकडे धरली आहे, दोन्ही हात वर करून. रिक्षावाले थांबलेत. बायका थांबल्यात. उषाबाई बघताहेत, तोंडाला पदर लावून — डॉक्टर चष्मा काढून — नाही, बघतात, आता त्यांना बघावंच लागेल —

धाप फार. पेन नीट —

अण्णा कधी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. सगळा रस्ता ऐकतोय. म्हणतात, माझ्या पोरीला भूक